सर्व्हर बंद पडतो तेव्हा



‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आज खेड्यातल्या आजीबाईंनाही पाठ झाले आहे. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, बँकेत पासबुक भरून मिळत नाही, कचेरीत दाखला निघत नाही. उत्तर सगळीकडे एकच. गंमत अशी की, पुष्कळदा सर्व्हर बिचारा चालूच असतो. बिघाड दुसरीकडे असतो, तो कोठे आहे हे कोणी पाहिलेले नसते, आणि खिडकीवरच्या माणसाला रांगेला काहीतरी सांगणे भाग असते.

बिघाड शोधण्याची विद्या बाहेरून दिसते तितकी गूढ नाही. कोणा कॉलेजात न जाता, सभासदांच्या खुर्चीमागे उभे राहूनच आम्ही ती पाहिली आहे. पहिला प्रश्न हा की, माझ्याच टेबलावरचे बंद आहे की शेजारच्याचेही? शेजारच्याचे चालत असेल तर आपली वायर, आपला पासवर्ड, आपले यंत्र तपासावे. यंत्राला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की, पत्ते वाटणाऱ्या यंत्रापर्यंत आपली हाक पोचलेली नाही आणि आपल्या यंत्राने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. आकडी पत्त्याने सर्व्हर ओ देतो पण नावाने देत नाही, तर रस्ता शाबूत आहे. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस तेवढा झोपला आहे. एका मजल्यावरचे सगळेच बंद, तर त्या मजल्याचा स्विच पाहावा. सर्वांचेच बंद असेल तर मग सर्व्हर; आणि तेथेही कारण कधी कधी हसू यावे असे निघते. डिस्क भरून गेली, प्रमाणपत्राची मुदत संपली, घड्याळ मागे पडले. दुसरा प्रश्न असा की, काल चालत होते, मग रात्रीतून काय बदलले? या दोन प्रश्नांनी निम्मे दुखणे उलगडते.

या दुसऱ्या प्रश्नाचे मोठे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीची एक सदोष फाईल जगभर धाडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्या विमानतळांवरही कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना हाताने लिहून पास दिले. एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाईल काढावी लागली. परंतु त्या दिवशी कोणत्याही कारकुनाला कोणी चोर म्हटले नाही. कारण बिघाड सर्वांना, एकाच वेळी आणि उघड दिसत होता.

खरे संकट येते ते यंत्र बंद पडल्यावर नव्हे, यंत्र चालू राहून चुकते तेव्हा. इंग्लंडच्या टपाल खात्यात जे घडले ते आम्हाला येथे जरा सविस्तर सांगावयाचे आहे.

तिकडे लहान गावांत एखादा दुकानदार आपल्या दुकानातच टपालाची खिडकी चालवतो. तो खात्याचा नोकर नव्हे, कंत्राटदार. १९९९ पासून या खिडक्यांवर ‘होरायझन’ नावाची प्रणाली आली. ती आयसीएल, म्हणजे पुढची फुजित्सू, या कंपनीने केलेली. मग शेकडो ठिकाणी हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार तूट भरायची कोणी? दुकानदाराने. पूर्वी कागदावर हिशेब असताना माणूस रात्री दिवा लावून मागची पाने उलटीत चूक शोधू शके. आता पाने यंत्राच्या पोटात गेली. हिशेबाच्या मुदतीअखेर तूट मान्य केल्यावाचून पुढची मुदत सुरू होत नसे आणि खिडकी उघडता येत नसे. ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणावयास पडद्यावर जागाच नव्हती. बंधूंनो, आम्ही पुष्कळ आरोपपत्रे वाचली आहेत, पण ज्यात इन्कार करण्याची रकानाच नाही असे आरोपपत्र हे पहिलेच.

बिघाड कसले होते म्हणाल, तर वर सांगितलेल्यांचेच भाऊबंद. स्कॉटलंडातील फॉलकर्क येथे कॅलेंडर स्क्वेअर नावाची शाखा होती. तेथे एका खिडकीचे यंत्र दुसऱ्या खिडकीवर झालेले व्यवहार पाहू शकत नसे. हा दोष २००० पासून होता आणि तो २००६ साली दुरुस्त झाला. दुसरे गाव डॅलमेलिंग्टन. २०१५ च्या ऑक्टोबरात तेथील पोस्टमास्तरीणबाई ८,००० पौंडांची रोकड एका शाखेतून दुसऱ्या शाखेच्या नावे घालीत होत्या. पडदा जागचा हलेना, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा एंटर दाबले. आपल्यापैकी कोणी दाबले नसते? यंत्राने ८,००० चे ३२,००० केले आणि न आलेल्या २४,००० पौंडांची तूट दाखवली.

ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी मदतीच्या फोनवर ९१ वेळा तक्रार केली. २००७ साली कोर्टाने त्यांच्याच विरुद्ध निकाल दिला. सुमारे २५,००० पौंडांच्या तुटीच्या दाव्यापायी ३,२१,००० पौंडांचा खर्च त्यांच्या अंगावर पडून त्यांचे दिवाळे वाजले. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० साली १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. चौकशी मंडळाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या अहवालाच्या पहिल्या खंडात म्हटले आहे की, किमान १३ जणांच्या आत्महत्येचा या प्रकरणाशी संबंध असण्याचा खरा संभव आहे.

हे इतकी वर्षे कसे चालले? फोनवर अनेकांना एकच उत्तर मिळे : ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.’ हे वाक्य ध्यानात ठेवा. वास्तविक कंपनीकडे ज्ञात दोषांची नोंदवही होती. कंपनीच्या माणसांना दूर बसून शाखेच्या हिशेबात नोंद घालता येत होती, आणि खाते कित्येक वर्षे ‘असे शक्यच नाही’ म्हणून सांगत राहिले. त्यातच, संगणकी पुरावा देणाऱ्याने यंत्र नीट चालत होते हे आधी दाखवावे, असा तेथला १९८४ चा नियम १९९९ च्या कायद्याने रद्द झालेला. उलटे दाखवण्याचे ओझे येऊन पडले ते ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्यावर.

आणि त्यांची संघटना? संघटना होती; पण तिला पैसा मिळे खात्याकडून. न्यायमूर्ती फ्रेझर यांनी २०१९ साली निकालात स्पष्ट लिहिले की, ती खात्यापासून स्वतंत्र नाही. मालकाच्या पैशावर जगणारी संघटना काय करणार, हे मुंबईच्या गिरणगावात नव्याने सांगावयास नको. मग अॅलन बेट्स या वेल्समधल्या काढून टाकलेल्या पोस्टमास्तराने २००९ साली स्वतःच माणसे जमवली. ‘फक्त तुमचीच’ म्हणून परतवलेली माणसे एका खोलीत बसली आणि प्रत्येकाची तक्रार तीच निघाली! ५५५ जणांनी मिळून दावा लावला. त्याच दाव्यात कंपनीची दोषांची वही कोर्टापुढे आली, आणि डिसेंबर २०१९ च्या निकालाने प्रणालीतले दोष मान्य केले. २३ एप्रिल २०२१ रोजी ३९ जणांची शिक्षा रद्द झाली. २०२४ साली तर पार्लमेंटला कायदा करूनच उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षा पुसाव्या लागल्या.

आपण म्हणाल, हे विलायतेचे झाले. पण आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे संगणकातील नोंद पुराव्यात आणताना यंत्र नीट चालत होते असा दाखला लागतो. त्यावर यंत्राचा किंवा त्या कामाचा ताबा असणाऱ्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. ही तरतूद चांगली आहे. मात्र सही करणाऱ्याने बिघाडांची नोंद उघडून पाहिली की समोर आला तो छापील नमुना भरला, हे विचारण्याचे काम कायदा करणार नाही. ते कर्मचाऱ्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्याला करावे लागेल. शिवाय खात्यांतर्गत चौकशीत तर कोर्टाइतका काटेकोर पुरावा लागतच नाही, आणि आमच्या सभासदांची नोकरी बहुधा तेथेच जाते.

म्हणून आम्ही जेथे जातो तेथे सांगतो की, प्रत्येक शाखेत बिघाडाची एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, कोणते यंत्र, पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः जसाच्या तसा, शेजारच्याचे चालू होते की बंद, तक्रारीचा क्रमांक आणि फोनवर मिळालेले उत्तर, सर्व लिहा. पडदा अडकला तर दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी पहिली नोंद झाली की नाही ते पाहा. रांग ओरडली तर ओरडू द्या. महिन्यातून एकदा चार शाखांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. व्यवस्थापनाशी करार करताना तूट वसूल करण्याआधी यंत्राची मूळ नोंद कर्मचाऱ्याला दाखवण्याचे कलम मागा. दूरून कोणी हात घातला असेल तर त्याचीही नोंद त्यात आली पाहिजे. आणि वहीच्या पानांवर आधीच क्रमांक घालून ठेवा, म्हणजे मधले पान फाडले असा आरोप कोणाला करता येणार नाही.