लंकेचा किनारा आणि डोंगरातल्या वस्त्या



बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेस गेले होते. तेव्हापासून त्या बेटाची ओढ आपल्या समाजाला आहे. २०२४ साली आम्ही सात जण तेथे जाऊन आलो. अनुराधपूर व इतर तीर्थस्थळांविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. आम्ही आज तेथे फिरावे कसे, एवढेच सांगणार आहोत.

टूर कंपनीच्या वातानुकूलित गाडीचा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथील सरकारी बस आपल्या एस.टी.सारखीच लाल, गर्दीही तशीच. पुढील आसने भिक्खूंसाठी राखीव असतात, हे ध्यानात ठेवावे. पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी प्रवासाचा बेत जपून करावा.

कोलंबोहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे समुद्राच्या अगदी कडेने धावते. १८९५ मध्ये ती माताऱ्यापर्यंत पोहोचली व २०१९ मध्ये बेलिअत्तापर्यंत वाढली. जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी येथे भरलेली आगगाडी उलथवली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. तेथे बुद्धमूर्ती उभी आहे. आम्ही उतरून त्रिसरण-पंचशील घेतले.

डोंगराची वाट निराळी. कँडीपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये झाली, बदुल्लापर्यंत १९२४ मध्ये. नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळाने या लोहमार्गाचे फार नुकसान केले. म्हणून गाडी कुठवर जाते याची चौकशी करूनच निघावे. हॅटनच्या पुढे चहाचे मळे पाहून मंडळी फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्ही मात्र स्थानिक बसने मजुरांच्या वस्तीवर गेलो. इंग्रजांच्या काळची, चाळीसारखी ओळीने बांधलेली घरे, एकेका खोलीत अख्खे कुटुंब. ही तमिळ माणसे इंग्रजांनी मळ्यांसाठी भारतातून नेली. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे पुष्कळ होते. १९४८ च्या कायद्याने लाखो जण नागरिकत्वाला मुकले. उरलेल्यांचा प्रश्न सुटण्यास २००३ साल उजाडावे लागले. पाने खुडणाऱ्या एका आजींनी आम्हांस साखरेचा खडा हातात घेऊन प्यावयाचा काळा चहा दिला. भाषा कळेना, पण मळ्यातल्या रोजावर घर भागत नाही, हे हातवाऱ्यांनीच कळले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दंतधातूचे मंदिर ज्या कँडीत आहे, तेथील सियाम निकायात उपसंपदा गोविगम या उच्च मानलेल्या जातीलाच मिळते. त्यामुळेच सुमारे १८०० पासून इतर जातींचे लोक ब्रह्मदेशी जाऊन दीक्षा घेऊ लागले व अमरपुर निकाय उभा राहिला. बौद्ध देश म्हणून आपण डोळे मिटून हात जोडतो; आम्हीही दळदा मालिगाव्यात जोडलेच. पण तेथील भिक्खूंना हा प्रश्न आम्ही नम्रपणे विचारला. त्यांनी हसून विषय बदलला. आपल्यापैकी कोणी जाणार असेल, तर त्यांनीही विचारावा.

सामानाबद्दल एवढेच: डोंगरात रात्री थंडी पडते, स्वेटर न्यावा, विहारात पांढरी, अंग झाकणारी वस्त्रे बरी, आणि चप्पल पटकन काढता येईल अशी असावी. आरक्षित डब्यांची तिकिटे लवकर संपतात. आम्ही तिसऱ्या वर्गातून गेलो, दारात बसून.

जय भीम! जय बुद्ध!