तुरटी कुठे टाकावी? : हुसेनसागर आणि मुसी यांच्या शुद्धीचे रसायन



इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळात, 1562च्या सुमारास बांधलेला हैदराबादचा हुसेनसागर तलाव मूळचा मुसी नदीच्या पाण्यावर भरत असे. पुढे मात्र कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बलकापूर हे नालेच त्याचे भरण झाले, आणि त्यांपैकी पहिल्याने वस्त्यांच्या मैलापाण्याबरोबर जिडीमेटला-बालानगर पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणीही अनेक दशके तलावात आणून सोडले. अशा पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस या पोषकद्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजतात, त्या कुजू लागल्या की विरघळलेला प्राणवायू संपतो, मासे मरतात व दुर्गंधी सुटते. या अवस्थेला अतिपोषण म्हणतात. रसायनाने पकडता येतो तो मुख्यतः फॉस्फरस, कारण त्याचे अविद्राव्य क्षार बनतात, तर नायट्रेट पाण्यातच राहते आणि काही नील-हरित शेवाळे तर हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेतात. कॅनडात डेव्हिड शिंडलर व सहकाऱ्यांनी 1973मध्ये एका सरोवराचे पडद्याने दोन भाग करून दोन्हींत कार्बन व नायट्रोजन आणि एकातच जोडीला फॉस्फरस टाकला, तेव्हा शेवाळाने हिरवा झाला तो फॉस्फरसवालाच भाग.

या कामाचे सर्वांत परिचित द्रव्य तुरटी, पण हंड्यात फिरवली जाणारी पोटॅशची नव्हे, तर ॲल्युमिनियम सल्फेट. पाण्यात पडताच तिचे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पांढुरक्या पुंजक्यांत रूपांतर होते, ते फॉस्फेटला धरून तळाशी बसतात, आणि गाळावर त्यांचा थर साचल्यामुळे खालून वर येऊ पाहणारा जुना फॉस्फरसही अडतो. 1968मध्ये स्वीडनमध्ये सरोवरावर या पद्धतीचा वापर झाला व पुढे अमेरिकेत ती रुळली. मात्र थंड हवेच्या सरोवरातून ती जशीच्या तशी हैदराबादेत आणता येत नाही. तुरटी पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल झेलण्याची क्षमता, खर्च करते, आणि सामू 6च्या खाली गेला तर विरघळलेले ॲल्युमिनियम माशांना घातक ठरते. उलट भर उन्हात शेवाळाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला की सामू 9च्या वर चढू शकतो, आणि तिथेही तेच हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागते. पहाटेचे पाणी आणि दुपारचे पाणी या दृष्टीने दोन निराळी पाणी असल्यामुळे केवळ सकाळच्या नमुन्यावर मात्रा ठरवणारा अहवाल अपुराच समजावा.

लोहाचे क्षार, उदाहरणार्थ फेरिक क्लोराइड, स्वस्त असतात, परंतु तळाशी प्राणवायू उरला नाही की फेरिक लोहाचे फेरस होते आणि धरून ठेवलेला फॉस्फरस मोकळा सुटतो. प्राणवायूविना जगणारे जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात व ते सल्फाइड लोहाला बांधून टाकते, म्हणजे फॉस्फरसच्या वाट्याला लोह उरतच नाही. हुसेनसागरात विसर्जित होणाऱ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती रसायनदृष्ट्या कॅल्शियम सल्फेटच असतात, हे या संदर्भात लक्षात घ्यावे. तेलंगणा उच्च न्यायालयाने 2021मध्ये त्यांच्या विसर्जनाला मनाई केली आणि त्या वर्षापुरती सर्वोच्च न्यायालयाने सवलत दिली, त्या वादात रंगांतील धातूंविषयी जेवढी चर्चा झाली तेवढी सल्फेटविषयी झाली नाही. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लँथनमयुक्त बेंटोनाइट माती प्राणवायूच्या अभावातही फॉस्फरस सोडत नाही, पण ती महाग पडते. मोरचुदाची गोष्ट वेगळी: त्याने शेवाळ मरते, पण फॉस्फरस जागच्या जागी राहतो, मरणाऱ्या शेवाळातली विषे पाण्यात उतरतात आणि तांबे गाळात साठत जाते, त्याला उपचार म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

वरून फॉस्फरस येतच असेल तर तळावरचा कोणताही थर काही हंगामांत नव्या गाळाखाली गाडला जातो, म्हणून हुसेनसागराच्या बाबतीत खरा प्रश्न कोणते रसायन हा नसून ते कुठे टाकावे हा आहे. वाहत्या नदीत तर तलावाची पद्धत लागूच पडत नाही, कारण पुंजके बसण्याआधीच प्रवाहाबरोबर पुढे जातात. नाल्यांचे पाणी अडवून अंबरपेटच्या प्रक्रिया केंद्राकडे वळवल्याने तलावाचा भार हलका झाला, तरी जैविक प्रक्रियेतून न निघालेला फॉस्फरस तिथून मुसीतच जातो. तेव्हा लोहाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या क्षारांची मात्रा याच केंद्रात, अखेरच्या निवळण-टाकीआधी, देणे सर्वांत किफायतीचे, कारण तिथे प्रवाह मोजलेला असतो, सामू आवरता येतो आणि साका बाहेर काढता येतो. मुसीच्या खालच्या अंगाला शेतकरी याच पाण्यावर भात आणि चाऱ्याचे गवत पिकवतात, म्हणजे पोषकद्रव्ये तिथे खतही असतात; परंतु ॲल्युमिनियमने घट्ट धरलेला फॉस्फरस पिकाला सहज मिळत नाही, उलट मॅग्नेशियम घालून मिळणारे स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट, थेट खत म्हणून चालते, आणि फॉस्फेट खनिजाची मोठी आयात करणाऱ्या देशात हा हिशेब प्रक्रिया केंद्राच्या निविदेतच मांडायला हवा. तलावात तुरटीची पाळी त्यानंतरची: कुकटपल्ली नाल्याच्या मुखापासून धरणभिंतीपर्यंत गाळाचे उभे नमुने काढून सुटण्याजोगा फॉस्फरस आणि धातू ठिकठिकाणी मोजावेत, आणि प्रयोगशाळेच्या बरण्यांत त्याच पाण्यावर, पहाटेच्या व दुपारच्या दोन्ही सामूंना, मात्रा पारखून घ्यावी.