कापड मोजणे आणि कापड पाहणे
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कलेच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींविषयी मी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्तांनी केली तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पंचेचाळीस वर्षे गादीवर बसून कापड विकले. रंगाशी माझा संबंध एवढाच, की 'रंग जाईल का हो?' असे गिऱ्हाइकाने विचारले की मी छातीवर हात ठेवून 'मुळीच नाही' म्हणतो. परंतु आज ज्या व्यक्तीविषयी मी बोलणार आहे, तिचा आयुष्यभराचा व्यवहारही कापडाशीच होता, हे ध्यानात आले आणि धीर आला.

ती व्यक्ती म्हणजे कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. जगाने त्यांना भानू अथय्या या नावाने ओळखले. ऑस्कर पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय व्यक्ती त्याच. जन्म २८ एप्रिल १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार. बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केलेले. भानुमती लहान असतानाच पितृछत्र हरपले. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले, सुवर्णपदकही मिळवले. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मुंबईतील प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. म्हणजे मोठी चित्रकार होण्याचा राजमार्ग समोर होता.

आता पुढची गोष्ट मी आपल्यापुढे मुद्दाम सावकाश सांगतो, कारण आपण व्यापारी मंडळी इथेच चुकतो आणि आपली मुलेही इथेच चुकतात. प्रदर्शनातील चित्रांवर घर चालत नाही. म्हणून या मुलीने स्त्रियांच्या इंग्रजी नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाचित्रे काढण्याचे काम पत्करले. पोटासाठी पत्करलेले काम. त्यातल्याच 'ईव्हज् वीकली'च्या संपादिकेने कपड्यांचे दालन उघडले आणि कागदावर काढतेस ते कापडात करून पाहा, असे सुचवले. त्या दालनात चित्रपटतारका येऊ लागल्या, आणि तिथून चित्रपटसृष्टीचे दार उघडले. १९५६ चा 'सी.आय.डी.', १९५७ चा 'प्यासा', १९६२ चा 'साहिब, बीबी और गुलाम' असे गुरुदत्तांचे चित्रपट पाठोपाठ आले.

आजकाल कोणत्याही व्यासपीठावरून 'मनाला आवडेल तेच करा' असे सांगणे फार स्वस्त झाले आहे. सांगणाऱ्याचे काही जात नाही. अथय्याबाईंनी मनाला आवडणारी गोष्ट शोधत वर्षे घालवली नाहीत. जे काम हाती आले, त्यात त्यांनी चित्रकाराची नजर ओतली आणि त्या कामातच त्यांना आपले प्रयोजन सापडले. चित्रकार होण्यासाठी घेतलेले शिक्षण वाया गेले, असे त्यांच्या मातोश्रींना वाटले असेल का? आमच्या घरी नक्की वाटले असते.

१९६६ साली 'आम्रपाली' आला. बौद्धकाळातील नर्तिकेचा पोशाख करायचा, तर आधार कोणता घ्यावा? बाई अजिंठ्याला गेल्या आणि भिंतींवरील चित्रांतून वस्त्रांचा अभ्यास करून आल्या. दोनच वर्षांनी 'ब्रह्मचारी' या चित्रपटात मुमताजसाठी त्यांनी नारिंगी साडी तयार केली, तीही आधीच चुण्या घालून शिवलेली, चेन लावलेली, नाचताना सुटू नये अशी. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. पुढे कितीतरी दिवस आमच्या दुकानात बायका 'मुमताजची साडी' मागत आणि वडील वैतागत, हे मला आठवते. साडी म्हणजे पाच-साडेपाच मीटर कापड, ते शिवायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न असे. व्यापारी म्हणून प्रश्न बरोबर होता; पण गिऱ्हाईक मागत होते ते कापड नव्हतेच.

आता 'गांधी' चित्रपटाकडे येतो. माझ्या दृष्टीने खरी कसोटी ती. रिचर्ड ॲटनबरो यांचा हा चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला. हा चित्रपट काढण्याचे स्वप्न पूर्ण व्हायला त्यांना सतरा वर्षे लागली. वेशभूषेसाठी भानू अथय्याच योग्य, हे ठरवायला पंधरा मिनिटे लागली, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. कथेचा काळ १८९३ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षांचा. आरंभी सुटाबुटातील तरुण बॅरिस्टर. १९१५ साली मायदेशी परतल्यावर काठेवाडी अंगरखा आणि पागोटे. १९२१ साली मदुराईला तेही उतरले आणि उरला तो पंचा. एका माणसाचे अवघे जीवन त्याच्या अंगावरचे कापड कमी होत जाण्यातून दाखवायचे होते. अंत्ययात्रेच्या दृश्याला तर लाखोंचा समुदाय होता. ब्रिटिशांच्या पोशाखांची बाजू जॉन मोलो यांनी सांभाळली आणि पारितोषिक दोघांना मिळून मिळाले.

बंधूंनो, मी कापडवाला आहे. मला यातले नवल निराळे वाटते. वेशभूषेचे पारितोषिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जर, मखमल, राजेरजवाड्यांचे अंगरखे येतात. इथे नायक निम्म्याहून अधिक चित्रपटभर जाड्याभरड्या सुती वस्त्रात आहे. पंच्याला शिलाई नाही, काठ असला तर बोटभर. आमच्या दुकानात पंचे सर्वांत खालच्या फळीवर असतात. त्यात नफा नाही म्हणून नोकरसुद्धा दाखवायला आळस करतो. पण तो पंचा किती जाड असावा, किती धुतलेला दिसावा, उठताबसता कसा पडावा, कोणत्या साली किती आखूड असावा, हे कुणीतरी बसून ठरवले होते. ११ एप्रिल १९८३ रोजी त्या कामाला ऑस्कर मिळाले. मी त्या सुमारास नवाच गादीवर बसलो होतो. बातमी वर्तमानपत्रात वाचली, कोल्हापूरची म्हणून अभिमान वाटला आणि वर्तमानपत्राची रद्दी झाली.

याहून पुढची गोष्ट सांगताना मला थोडे जड जाते. २००२ साली माझी थोरली मुलगी बारावी झाली. तिला वस्त्रकलेचे शिक्षण घ्यायचे होते. आदल्या वर्षी आम्ही सहकुटुंब 'लगान' पाहिला होता. मी त्यातला सामना पाहिला. घरी आल्यावर ती गावकऱ्यांच्या कपड्यांविषयी बोलत राहिली. त्या कपड्यांसाठी अथय्याबाईंना वयाच्या सत्तरीनंतर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो जाहीर झाला त्याच वर्षी मी मुलीला सांगितले की बी.कॉम. कर, हिशेब कुठेही उपयोगी पडतो. ती वाद घालणारी नव्हती. बी.कॉम. झाली, लग्न झाले, पुण्यात सुखात आहे. एका कार्यालयाचे हिशेब पाहते.

तीन वर्षांपूर्वी दुकानाची दुरुस्ती काढली, तेव्हा माळ्यावर जुनी बिलबुके सापडली. कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने काढलेले पदर, काठ, बुट्ट्या. जवळजवळ साठ पाने. खाली तारखाही होत्या, आमच्या घराण्याच्या सवयीप्रमाणे. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, ते पुस्तक ठेवू नका, वाळवी लागेल." आणि मग मुलांच्या परीक्षांविषयी बोलू लागली.

कुणी म्हणेल, प्रत्येक चित्र काढणारी मुलगी भानू अथय्या होत नसते. मान्य आहे. या क्षेत्रात उत्पन्न बेभरवशाचे आहे आणि चार ओळी काढता आल्या म्हणजे कलावंत झाला असे मानणारी मुलेही मी पाहतो. अथय्याबाईंनी शंभरांहून अधिक चित्रपटांचे काम केले. २०१५ च्या 'नागरिक' या मराठी चित्रपटापर्यंत त्या काम करत होत्या, म्हणजे वय पंच्याऐंशीच्या घरात. तेवढी चिकाटी घरात आहे का, हे पालकांनी जरूर पाहावे. पण बी.कॉम. झालेला प्रत्येक जण तरी कुठे मोठा व्यापारी होतो? त्या जोखमीला आपण जोखीम म्हणत नाही, एवढेच.

कापडाकडे निराळ्या नजरेने पाहणे आपल्या समाजाला परके आहे, असेही नाही. अहमदाबादच्या साराभाई घराण्याने गिरणी चालवली. त्याच घरातील गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गीरा साराभाई यांनी १९४९ साली कॅलिको वस्त्रसंग्रहालय उभारले. १९६१ साली तिथे निघालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीतही या भावंडांचा मोठा वाटा आहे. एकाच घरात ताके विकलेही गेले आणि जपलेही गेले.

माझी नात, त्याच मुलीची मुलगी, यंदा बारावीला आहे. तिला वस्त्रकलाच शिकायची आहे. जावईबापूंनी माझे मत विचारले. फी मी भरीन, असे मी कळवले. अट एकच घातली की दर सुट्टीत महिनाभर आमच्या दुकानात बसायचे आणि ताके हाताळायचे. माझी मुलगी फोनवर बराच वेळ गप्प होती.

गेल्या सुट्टीत नात आली होती. घडी नीट घालता येत नाही, म्हणून नोकर कुरकुरतात. एक बाई वास्तुशांतीसाठी साडी घ्यायला आल्या. माझ्या मुलाने पाच हजारांच्या साड्या उलगडल्या होत्या. नात मध्येच विचारू लागली, घर कोणत्या रंगाचे आहे, तुम्हाला दिवसभर खाली बसावे लागेल का, वाढायला तुम्हीच का. पाऊण तास गेला. शेवटी तिने त्यांना सोळाशेची सुती इरकल दिली आणि बाई आनंदाने गेल्या. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. मी बिल फाडून दिले, आणि बिलबुक तिच्या हाताला येईल असे ठेवले.