अब्बांचा रंधा

अब्बा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सुतारकाम करीत. मी बी. ए. झालो, कवितेत रमलो. त्यांच्या हत्यारांना कधी हात लावला नाही. त्यांच्या पश्चात अंबरनाथच्या घरी त्यांचा रंधा काढून गुराबेची प्रतिकृती करायला बसलो. गुराब म्हणजे मराठ्यांचे टोकदार नाळेचे, शिडाचे लढाऊ जहाज. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवरायांनी शेजारच्याच खाडीकाठी जहाजबांधणी आरंभली. पुढे दौलतखान त्यांच्या आरमाराचा एक प्रमुख झाला.

सागाची पातळ पट्टी वाकवताना तीनदा मोडली. मग आठवले, गोल टेबलाच्या कडेची पट्टी अब्बा आधी कढत पाण्यात भिजवत. चौथी नीट बसली. आता जहाज पुरे झाले आहे, फक्त नाळेजवळची एक फळी ओबडधोबड आहे. अब्बांनी ती पुन्हा बसवायला लावली असती. ते नाहीत, म्हणून उद्या मीच ती काढणार आहे.