स्त्रीचे आयुर्मान, आरोग्याची नोंद आणि नवे उद्योग



शिंदखेडा तालुक्यातील कोणत्याही गावी महसुली दप्तरात जमिनीची नोंद सापडते, ग्रामपंचायतीत घरपट्टीची सापडते. कापसाखाली क्षेत्र किती आणि दोंडाईचाच्या बाजारात मिरचीला भाव काय, हेही सांगता येते. परंतु त्या कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या अंगात रक्त किती, तिचा रक्तदाब शेवटी केव्हा मोजला गेला, याची सलग नोंद बहुधा तिच्याजवळही नसते. गरोदरपणी तिचे कार्ड तयार होते. मूल झाले की ते पेटीच्या तळाशी जाते. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे नोंदीबाहेरच राहतात. ही उणीव भरून काढण्याच्या उद्देशाने नवे उद्योग, म्हणजेच स्टार्टअप, पुढे येत आहेत. त्यांच्यापासून लाभ कोणता आणि सावधगिरी कोठे बाळगावयाची, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आयुष्य वाढले, आरोग्य वाढले काय?

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१६-२० या काळात भारतीय स्त्रीचे सरासरी आयुर्मान ७१.४ वर्षे, तर पुरुषाचे ६८.६ वर्षे होते. म्हणजे स्त्री अधिक जगते. परंतु जगणे आणि निरोगी जगणे या दोन भिन्न गोष्टी होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशात ३० ते ४९ वयोगटात १.९ टक्केच निघाल्या. वाढलेल्या आयुष्यातील किती वर्षे अंगावर दुखणे काढण्यात जातात, हे या आकड्यांवरून ध्यानी यावे.

नोंदीने काय साधते

नोंद ठेवल्याने काय घडते याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यापूर्वी अशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया मात्र शेकडा आठच होत्या. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे म्हणून जे सोसले जात होते, ते उपचार करता येण्याजोगे रोग होते.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांच्या सहभागाने एक प्रदीर्घ अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन, आम्लद्रव लावून गर्भाशयमुख पाहण्याची साधी पद्धत त्यांना शिकविण्यात आली. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासाने तर आईच्या आहारातील ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि मुलाच्या पुढील आरोग्याचा संबंध दाखवून दिला.

दुसरे उदाहरण खेदाचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसून आले. एकेकीची कहाणी घरात राहिली होती. मोजणी झाली तेव्हाच तो सार्वजनिक प्रश्न ठरला. खानदेशातूनही मजूर कुटुंबे ऊसतोडीला जातात. म्हणून या तालुक्याला ते उदाहरण परके मानता येणार नाही.

उद्योगाला वाव कोठे

पुण्याच्या पेरिविंकल टेक्नॉलॉजीज या कंपनीने गर्भाशयमुखाची छायाचित्रे घेऊन तपासणी करणारे हाती धरता येण्याजोगे उपकरण तयार केले आहे. अशी उपकरणे गावोगाव नेणे, रक्तदाब, साखर व रक्तातील लोहद्रव्याची ठराविक काळाने नोंद घेणे, पाळी जाण्याच्या वयातील स्त्रियांना हाडांच्या ठिसूळपणाविषयी सल्ला देणे, ही कामे तालुक्यातील शिकलेल्या मुलींना करता येण्यासारखी आहेत. त्यांना अहिराणी येते, ही त्यांची मोठी जमेची बाजू होय. पाळीविषयीचा प्रश्न परक्या भाषेत विचारला तर खरे उत्तर क्वचितच मिळते.

राज्य शासनाने २०२४ साली जाहीर केलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत १ लाख ते २५ लाख रुपयांच्या अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यासाठी उद्योगात महिलेचा वाटा किमान ५१ टक्के हवा आणि वार्षिक उलाढाल किमान १० लाख रुपये हवी. अर्थात, हे साहाय्य चालत्या उद्योगासाठी आहे. पहिले पाऊल बचतगटाच्या किंवा बँकेच्या आधारानेच टाकावे लागेल.

माहिती कोणाची?

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. स्त्रीच्या शरीराची माहिती हा आता बाजारातील माल झाला आहे. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपने गुप्ततेचे आश्वासन देऊनही माहिती फेसबुक, गूगल अशा कंपन्यांपर्यंत जाऊ दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला होता. २०२१ साली त्यात तडजोड झाली. शहरातील सुशिक्षित स्त्रीची ही अवस्था, तर अंगठा उठवणाऱ्या स्त्रीची काळजी कोणी घ्यावयाची?

भारतात २०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळेपणाने व हेतू समजून दिलेली असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, आणि संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याची सोय असावी, असे हा कायदा सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, अहिराणी नाही. तेव्हा समजावून सांगण्याचे काम गावातील जाणत्यांवरच येते.

गावाचे काम

एखादी कंपनी वा संस्था तपासणी-शिबिर घेऊन गावात आली, तर पंचायतीने चार प्रश्न अवश्य विचारावेत. माहिती कशासाठी घेता? ती कोठे राहील व कोणाला दिली जाईल? त्या स्त्रीला तिच्या नोंदीची प्रत मिळेल काय? आणि दोष आढळल्यास उपचार कोठे होईल? यातील चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. गाठ सापडली, पण धुळ्याच्या शासकीय रुग्णालयापर्यंत जाण्याची वाट कोणी दाखविली नाही, तर त्या नोंदीने स्त्रीच्या पदरी फक्त भीती पडते.

शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलींना रक्ताचा अहवाल वाचावयास शिकवावे. घरी आईचा कागद वाचून दाखविणारी मुलगी हीच पहिली आरोग्य सल्लागार ठरेल. अधिकाऱ्यांनी आशा कार्यकर्तीकडील नोंदी आणि खाजगी शिबिरातील नोंदी यांचा मेळ बसेल, अशी व्यवस्था करावी. मात्र त्या स्त्रीच्या संमतीवाचून एकही कागद इकडचा तिकडे जाऊ नये. पंचायत सदस्यांनी, विशेषतः महिला सदस्यांनी, महिला ग्रामसभेत हा विषय घ्यावा.

नव्या उद्योगांचे स्वागत झालेच पाहिजे, कारण शासकीय यंत्रणा एकटी सर्व घरांपर्यंत पोचू शकत नाही. परंतु स्वागताबरोबर हिशेबही मागितला पाहिजे. शेतमालाच्या वजनात शेतकऱ्याला काटा पाहण्याचा हक्क आहे. तसाच आपल्या देहाच्या नोंदीवर स्त्रीचा हक्क आहे. हा हक्क जपून जो उद्योग उभा राहील, त्याला शिंदखेडा तालुक्यात काम कमी पडणार नाही.