राष्ट्रहिताचा अर्ज

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये मनमाड येथे केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतले अनुभव’ हा विषय दिला होता. तो फार मोठा आहे, आणि तिथल्या बर्फाचे फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेलेच आहेत. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा: कंपनीशिवाय, स्वतःच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो म्हणे, ते काय प्रकरण आहे? तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं इंजिनिअरिंगला आहेत, काहींची तिकडे एमएस करताहेत, तेव्हा हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. मी वकील नाही. मी तो अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि मंजूर होऊनही ग्रीन कार्ड माझ्या हातात नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते सांगते.

आधी नेहमीचा रस्ता. तिथे अर्ज तुमची कंपनी करते. जाहिरात देऊनही या जागेसाठी लायक आणि तयार असा तिथला माणूस मिळाला नाही, हे तिला श्रम खात्याला दाखवावं लागतं. याला लेबर सर्टिफिकेशन म्हणतात. त्यानंतर आय-१४० नावाचा अर्ज जातो. त्यावर सही कंपनीची, तुम्ही फक्त ज्याच्यासाठी अर्ज आहे तो माणूस. आणि एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.

मी २०१३ मध्ये गेले. पहिल्या कंपनीने २०१६ मध्ये माझी प्रक्रिया सुरू केली, तो अर्ज मंजूरही झाला. २०२० मध्ये मी नोकरी बदलली. नव्या कंपनीने सगळं पुन्हा नव्याने करायचं कबूल केलं. पण २०२३ मध्ये तिथे माणसं कमी झाली आणि ते काम बाजूला पडलं. ज्या कंपनीने नुकतीच माणसं काढली, ती ‘माणसं मिळत नाहीत’ हे कसं दाखवणार? घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, शाळा मधोमध, आणि सगळ्यांचं राहणं एका सहीवर. तेव्हा मी या दुसऱ्या रस्त्याकडे वळले.

त्याचं नाव नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे राष्ट्रहितासाठी दिलेली सूट. १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातली ही तरतूद. ईबी-२ या वर्गासाठी मास्टर्स पदवी लागते, किंवा बॅचलर्स आणि त्यानंतर चढत्या जबाबदारीचा पाच वर्षांचा अनुभव. माझ्याकडे फक्त बी.ई. आहे. आपली चार वर्षांची बी.ई. तिथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जाते, तीन वर्षांच्या पदवीला मात्र अडचण येते. ज्यांची मुलं बीएस्सी करताहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. या वर्गात बसणाऱ्या माणसाचं काम राष्ट्रहिताचं असेल, तर कंपनीची ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशन, दोन्ही माफ. अर्जावर सही तुमची स्वतःची.

‘राष्ट्रहिताचं’ म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलेलं नाही. ते निकालांमधून ठरत गेलं. पहिला मोठा निकाल १९९८ चा, आणि तो मनमाडकरांना कळायला सोपा आहे, कारण तो पुलांच्या इंजिनिअरचा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर बनवायचे. न्यूयॉर्क राज्याच्या वाहतूक खात्याने आपल्या एका पूल-इंजिनिअरसाठी ही सूट मागितली होती. पूल महत्त्वाचे, त्यांचा फायदा देशाला, इथपर्यंत मान्य झालं. तरी अर्ज नाकारला गेला, कारण हाच माणूस का, तेवढीच पात्रता असलेला दुसरा का नको, याचं उत्तर पुरेसं पटलं नाही. त्यानंतर बरीच वर्षं ही वाट अरुंद राहिली.

डिसेंबर २०१६ मध्ये ‘मॅटर ऑफ धनासर’ हा निकाल आला आणि कसोट्या बदलल्या. आता तीन प्रश्न विचारतात. तुम्ही जे करू पाहता त्यात खरं मोल आहे का आणि त्याला देशपातळीवर महत्त्व आहे का? ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का? आणि सगळा हिशेब केला, तर तुम्हाला ही सूट देणं देशाच्या फायद्याचं आहे का?

सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या प्रश्नात होतो. ‘मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे, तो पेशा झाला. सॉफ्टवेअर देशाला हवंच आहे, हेही उत्तर नव्हे, कारण मग लाखो लोकांना सूट द्यावी लागेल. तुम्ही नेमकं काय करणार, आणि तुमच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांपलीकडे ते कोणाला उपयोगी पडणार, हे सांगावं लागतं.

माझं काम पाण्याचं आहे. अमेरिकेत वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्या सुमारे ५०,००० यंत्रणा आहेत, आणि त्यातल्या बहुतेक लहान गावांच्या. दोन-तीन माणसं टाकी, पंप, क्लोरीन, बिलं सगळं सांभाळतात. पंपांची नियंत्रणं आता इंटरनेटला जोडलेली असतात, आणि राखायला माणूस नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा गावच्या पाणीपुरवठ्याच्या यंत्रात बाहेरून घुसखोरी झाली, ती बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. अशा लहान यंत्रणांमध्ये दाब, प्रवाह आणि क्लोरीनच्या नोंदींवर नजर ठेवून काही विपरीत दिसलं तर लगेच सांगणारी प्रणाली मी बनवते. तिचा गाभा मी आणि काही सहकाऱ्यांनी कोणालाही फुकट वापरता येईल असा खुला ठेवला आहे.

अर्ज मे २०२३ मध्ये गेला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नोटीस आली: काम चांगलं आहे, पण ते तुमच्या कंपनीपुरतं दिसतं, आणखी पुरावे द्या. अशा नोटिशीला उत्तर द्यायला साधारण बारा आठवडे मिळतात. माझ्याकडे वरिष्ठांची उत्तम पत्रं होती. पण जे मला ओळखतात, त्यांनी माझं कौतुक करणं साहजिकच आहे. म्हणून ज्यांना मी कधी भेटले नाही, पण ज्यांनी आमची खुली प्रणाली उतरवून घेऊन वापरली, अशा लोकांना मी लिहिलं. काहींनी उत्तर दिलं नाही. एका लहान गावच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाने दीड पानाचं पत्र पाठवलं. त्यात स्तुती नव्हतीच. कोणत्या रात्री कोणता पंप बंद पडला, इशारा किती वाजता आला, टाकी रिकामी व्हायच्या आत तो कसा पोचला, एवढंच होतं. माझं नाव एकदाच, तेही स्पेलिंग चुकवून. वकील म्हणाल्या, या फायलीतला हा सर्वांत चांगला कागद आहे. काही महिन्यांनी अर्ज मंजूर झाला.

हे सविस्तर सांगितलं, कारण आता या अर्जाचं दुकान झालं आहे. पैसे भरून मिळणारे पुरस्कार, शोधनिबंधावर उधार नाव, ठरावीक साच्यातली शिफारसपत्रं असं सगळं विकायला आहे, आणि तुमच्या मुलांना त्याचे निरोप येत असतील. त्यात पैसा घालवू नका. तपासणारे अधिकारी असे साचे रोज पाहतात, आणि खोटा कागद सापडला तर माणूस कायमचा अडकू शकतो. खर्चाचं म्हणाल, तर २०२४ मध्ये सरकारी फी ७१५ डॉलर, स्वतः अर्ज करणाऱ्याला वर ३०० डॉलर, आणि ४५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय हवा असेल तर आणखी २,८०५ अशी होती. वकिलाचे वेगळे. मंजुरीची खात्री कोणीच देऊ शकत नाही. जो देतो, त्याच्यापासून लांब राहा.

आता मंजूर होऊनही कार्ड का नाही? कारण ही सूट कंपनीपासून आहे, रांगेतून नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं. त्यातली ईबी-२ ला सुमारे ४०,०००. त्यात एका देशाचा वाटा सात टक्के, म्हणजे ढोबळमानाने २,८०० आणि इतरांची उरली तर ती. यातच नवरा, बायको, मुलं सगळी धरलेली. देश ठरतो जन्मावरून. माझा जन्म मनमाडच्या रेल्वे हॉस्पिटलातला, तेव्हा माझी रांग भारताची. ती डिसेंबर २०२४ मध्ये २०१२ सालापर्यंत आली होती. जुन्या अर्जाची तारीख नव्या अर्जाला लावता येते, म्हणून माझा नंबर २०१६ चा. पण चार वर्षांचं हे अंतर चार वर्षांत संपत नाही. तारीख कधी महिनोन्‌महिने हलत नाही, कधी मागेही जाते.

आणि मुलगी सोळा वर्षांची आहे. एकवीस पूर्ण झाली की ती माझ्या अर्जातून बाहेर पडते. अर्ज तपासणीत असलेले दिवस तिच्या वयातून वजा होतात, रांगेत गेलेली वर्षं होत नाहीत. आम्ही तिला हे सगळं सांगितलेलं आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मी कॉलेजला अर्ज कुठल्या देशात करू? याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. या मंजुरीने मला इतकंच मिळालं, की माझी फाइल आता कोणत्याही कंपनीच्या कपाटात नाही. काम करायला व्हिसा अजूनही लागतो. पण नोकरी बदलली तरी हा अर्ज माझाच राहतो. हे थोडं नाही, आणि पुरेसंही नाही.

ग्रुपवर एकाने चिमटा काढला होता: राष्ट्रहित खरं, पण कोणत्या राष्ट्राचं? अमेरिकेचंच, यात आडपडदा नाही. वीस-वीस दिवसांनी नळाला येणारं पाणी भरताना मी मोठी झाले, म्हणून पाण्याच्या कामाकडे वळले, हेही खरं. पण माझ्या प्रोग्रॅमने वागदर्डी धरण भरणार नाही. करंजवणचं पाणी ज्या दिवशी घरोघरी नियमित येईल, ते इथल्या लोकांचं श्रेय असेल. ती प्रणाली खुली आहे, इथल्या कोणाला वापरून पाहायची असेल तर मी रात्री जागून मदत करीन. याहून मोठा दावा मी करणार नाही.

शेवटी गुरुजनांना एक सांगायचं आहे. त्या २०१६ च्या निकालात अर्जदार संशोधक होते, आणि शिकवायचेही. त्यांचं संशोधन देशपातळीवर महत्त्वाचं ठरलं. शिकवणं मात्र मोलाचं असूनही त्या कसोटीला उतरलं नाही, कारण त्याचा परिणाम शिक्षणाच्या क्षेत्रावर व्यापकपणे होईल असं कागदांतून दिसत नव्हतं. त्यांना जे मोजायचं होतं, त्या मापाने ते बरोबर असेल. माझ्या फायलीत पदवीची प्रमाणपत्रं होती, शाळेचा दाखला कुठेच लागला नाही. पण नोटिशीचं उत्तर लिहिताना मी प्रत्येक पानावरची विशेषणं खोडत गेले. ती सवय मराठीच्या बाईंची. आणि आकड्याशेजारी एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापणारे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. एवढी नोंद या स्मरणिकेत तरी राहावी.

मी उद्या दिवसभर मनमाडलाच आहे, परवा सकाळच्या पंचवटीने निघेन. ज्यांच्या मुलांचे प्रश्न असतील त्यांनी कागद घेऊन घरी यावं. चहा मिळेल, सल्ला फुकट, खात्री कसलीच नाही.