अडेलतट्टू आणि घोडामैदान
(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दिल्लीच्या भूमीचे अश्वविद्येशी नाते फार जुने आहे. पांडवांचे इंद्रप्रस्थ याच परिसरात होते, असे परंपरा सांगते. त्या पाच भावांपैकी नकुल हा घोड्यांचा जाणकार. अज्ञातवासात ग्रंथिक हे नाव धारण करून त्याने विराटाच्या पागेत चाकरी पत्करली. पुढे १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाचे घोडदळ दिल्लीच्या वेशीवर धडकले आणि १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी हे शहर ताब्यात घेतले. मराठ्यांच्या या वेगवान हालचालींचे बळ होते भीमा खोऱ्यातील काटक भीमथडी तट्टांमध्ये. शिंद्यांच्या संस्थानातील ग्वाल्हेर लान्सर्स हे दल स्वातंत्र्यानंतर इतर संस्थानी घोडदळांबरोबर एकत्र करण्यात आले आणि १९५३ मध्ये उभारलेल्या त्या पथकातून आजची ६१वी कॅव्हलरी घडली. राजधानीतील रकाबगंजाच्या नावातला ‘रकाब’ म्हणजे मराठीतली ‘रिकीब’च होय.

आज या परंपरेचे शांततामय रूप दिल्ली छावणीतील आर्मी पोलो अँड रायडिंग क्लबच्या मैदानावर, दिल्ली हॉर्स शोमध्ये दिसते. तेथे लहान मुलेही तट्टांवर स्वार होऊन रिंगणात उतरतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नाल नसताना खांद्यापाशी १४८ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेल्या घोड्याला पोनी म्हणतात. रिंगणातील फेरी काही मिनिटांतच संपते, परंतु तिच्यामागे कित्येक महिन्यांची, क्वचित वर्षांचीही तयारी असते.

ही तयारी खोगीर चढवण्याच्या फार आधी सुरू होते. शिंगराला प्रथम माणसाच्या हाताची सवय लावली जाते. घोड्याची दृष्टी जवळजवळ चहूकडे फिरते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून जाणता मोतद्दार त्याच्या खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जातो. पाय उचलू देणे, दोरीने शांतपणे चालणे, सांगितल्या जागी स्थिर उभे राहणे हे पहिले धडे. त्यानंतर लांब दोरीवर वर्तुळात फिरवून चाल, दुडकी आणि दौड यांतील फरक आवाजावरून ओळखायला शिकवतात. स्वाराचे वजन पाठीवर येते ते साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या वर्षी, तेही थोडा थोडा वेळ. पाठीच्या मणक्यांची वाढ सर्वांत शेवटी पूर्ण होते. येथे केलेली घाई जनावराला जन्मभर सोसावी लागते.

रोजचा खरारा केवळ अंगावर तुकतुकी यावी म्हणून नसतो. हात फिरताना एखादी सूज, जखम किंवा खोगिराखालचा दुखरा भाग लक्षात येतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर साळून घ्यावे लागतात. घोड्याचे पोट लहान, म्हणून वैरण दिवसभर थोडी थोडी आणि चंदी बेताची. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. त्यामुळे दिल्लीतील हिवाळ्याच्या धुरकट सकाळी सराव कमी करणे हे शहाणपणाचेच ठरते. ग्लँडर्ससारखा घातक रोग घोड्यांपासून माणसालाही होतो, म्हणून रक्ततपासणीत हयगय चालत नाही. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामी देशाचा आधार आहे.

शिक्षणाचे सारे मर्म मात्र एका गोष्टीत आहे. घोडा शिकतो तो लगाम ओढल्यामुळे नव्हे, तर योग्य क्षणी तो सैल सोडल्यामुळे. स्वाराने पायाने हलका दाब द्यावा आणि तट्टाने एक पाऊल टाकताच तो दाब काढून घ्यावा. ‘बरोबर केलेस’ हे त्याला त्याच वेळी कळते. दाब तसाच राहिला, तर आपले काय चुकले हे त्याला उमगत नाही. मग ते बिथरते किंवा बधिर होते. सतत ओढलेल्या लगामाने तोंड घट्टावलेले तट्टू पुढे कोणत्याच हाताला दाद देत नाही.

मराठीत हट्टी माणसाला ‘अडेलतट्टू’ म्हणतात. प्रत्यक्षातील अडलेल्या तट्टाचा हट्ट तपासला, तर बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी दुखणारा दात, रुतणारे खोगीर, भीती किंवा न समजलेली आज्ञा सापडते. चांगला शिक्षक चाबूक उचलण्यापूर्वी तोंड, पाठ आणि खूर पाहतो. वाईट शिक्षक जनावराला दोष देऊन मोकळा होतो आणि अशी कित्येक गुणी तट्टे ‘खोडकर’ हा शिक्का घेऊन हातोहात विकली जातात.

पालकांनाही येथे संयम राखावा लागतो. तयार, महागडे तट्टू विकत घेतल्याने मुलाला एखादे पदक मिळेलही. पण पहाटे उठून ठाण झाडणे, पाणी पाजणे आणि पडल्यावर पुन्हा रिकिबीत पाय ठेवणे यांतून जे घडते, ते विकत मिळत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी अश्वारोहणात वैयक्तिक व सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर या खेळातील पुढचे सुवर्ण यायला ४१ वर्षे लागली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ते ड्रेसाज या प्रकारात जिंकले. या प्रकारात कसोटी लागते ती वेगाची नव्हे, तर घोडा आणि स्वार यांच्यातील अबोल सामंजस्याची.

शाळेचे कामही याहून फारसे वेगळे नाही. परीक्षेचे घोडामैदान दरवर्षी जवळ येते, निकालही लागतात. वर्गात एखादे मूल अडून बसले, तर त्याला कुठे रुतते आहे हे आधी पाहणारा शिक्षक त्याला लाभावा आणि घरी योग्य वेळी लगाम सैल सोडणारे पालक लाभावेत. हीरक महोत्सवी वर्षात या संस्थेकडे पाहताना माजी विद्यार्थ्यांना अशाच शिक्षकांची नावे प्रथम आठवतील. या शाळेच्या पुढील पिढ्यांनाही तसेच शिक्षक मिळत राहोत, हीच सदिच्छा.